मुक्त सॉफ्टवेअरची लायसन्स: हक्क, अटी आणि जबाबदाऱ्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, चार-पाच जणांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणारे, संस्थेची वेबसाइट सांभाळणारे आणि मराठी फॉन्ट वापरणारे प्रकाशक आम्हाला हे प्रश्न सतत विचारतात. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे. वाद कोर्टापर्यंत जाण्याची शक्यता असेल तर वकिलाला विचाराच. पण त्याआधी लायसन्सचा मूळ मजकूर एकदा पूर्ण वाचा. तो वाटतो तितका अवघड नसतो.

१. मुक्त सॉफ्टवेअर नेमकं कशाला म्हणायचं?

वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्यं देणाऱ्या सॉफ्टवेअरला. ही गणती शून्यापासून करण्याची प्रथा आहे. शून्य: प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी चालवणं. एक: तो कसा चालतो हे अभ्यासणं आणि त्यात हवा तसा बदल करणं. दोन: त्याच्या प्रती इतरांना देणं. तीन: बदललेल्या प्रतीही इतरांना देणं. एक आणि तीन ही स्वातंत्र्यं सोर्स कोडशिवाय (प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुराशिवाय) नावापुरतीच उरतात, म्हणून सोर्स कोड मिळणं ही मूळ गरज आहे. चारपैकी एकही कमी असेल तर ते मुक्त सॉफ्टवेअर नाही, मग ते कितीही चांगलं असो.

२. एवढा तात्त्विक आग्रह कशासाठी? कोणाचं काय अडलं होतं?

एका प्रिंटरवरून अडलं होतं. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत. तिथल्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी स्वतः एक सोय केली होती. कागद अडकला की ज्यांची छपाई रांगेत आहे त्यांच्या स्क्रीनवर तसा निरोप जायचा आणि कोणीतरी उठून कागद काढायचा. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तो वेगवान होता, पण त्याचा सोर्स कोड मिळाला नव्हता, त्यामुळे तीच सोय त्यात घालता येईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो कोड होता. स्टॉलमन यांनी मागितला, तेव्हा त्याने नकार दिला, कारण कोणालाही न देण्याच्या करारावर त्याने सही केली होती.

हा नकार स्टॉलमन यांना वैयक्तिक अपमानापेक्षा मोठा वाटला. शेजाऱ्याला मदत करणार नाही असं एका माणसाने आधीच लिहून दिलं होतं, आणि त्याचा त्रास प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना होत होता. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं आणि १९८९ मध्ये जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या लायसन्सची पहिली आवृत्ती निघाली. पुढे १९९१ मध्ये दुसरी आणि २००७ मध्ये तिसरी आली. खाली ज्या अटी येतील त्या प्रत्येकीत हाच प्रश्न आहे: प्रोग्रॅम ज्याच्या हाती आहे त्याला तो दुरुस्त करता येईल का, आणि ती दुरुस्ती शेजाऱ्याला देता येईल का?

३. मुक्त सॉफ्टवेअर विकता येतं का?

येतं, आणि किंमतही हवी ती लावता येते. स्टॉलमन स्वतः ईमॅक्स या आपल्या टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरला विकत. फक्त विकत घेणाऱ्याने ती प्रत पुढे कोणाला फुकट दिली तर त्याला अडवता येत नाही. म्हणून या क्षेत्रात पैसा बहुधा सेवा, देखभाल, प्रशिक्षण आणि नव्या सुधारणा यांतून मिळतो.

४. कोड गिटहबवर (कोड ठेवण्याच्या साइटवर) सगळ्यांना दिसतो, पण लायसन्सची फाइल नाही. वापरला तर चालेल ना?

नाही. लायसन्स नाही याचा अर्थ परवानगी नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि कोड लिहिल्या क्षणी लेखकाला कॉपीराइट मिळतो. नोंदणी करावी लागत नाही. सार्वजनिक ठेवलेला कोड इतर सदस्यांना पाहता येतो आणि गिटहबवरच फोर्क करता येतो, म्हणजे आपल्या खात्यात त्याची प्रत करता येते, एवढंच त्या साइटच्या अटी सांगतात. तो तुमच्या उत्पादनात घालण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. सरळ लेखकाला लिहून लायसन्स जोडायची विनंती करा. अनेकदा ते केवळ राहून गेलेलं असतं.

५. एमआयटी, बीएसडी आणि जीपीएल यांत खरा फरक काय?

तिन्ही मुक्त लायसन्स आहेत. एमआयटी आणि बीएसडी यांची मुख्य अट छोटी आहे: कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर प्रतीसोबत ठेवा. त्यानंतर कोड बंद उत्पादनात घातला तरी चालतं. जीपीएल याच्या पुढे जातं. तुम्हाला जी चार स्वातंत्र्यं मिळाली, तीच तुमच्याकडून प्रत घेणाऱ्यालाही मिळाली पाहिजेत. याला कॉपीलेफ्ट म्हणतात. त्यासाठी वेगळा कायदा नाही. कॉपीराइटच्याच जोरावर ही अट घातली जाते.

फरक कुठे पडतो ते मिनिक्सच्या उदाहरणात दिसतं. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बीएसडी पद्धतीच्या लायसन्सखाली दिली होती. इंटेलने ती आपल्या चिपमधल्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये (मुख्य प्रोसेसरपासून वेगळा चालणारा छोटा संगणक) वापरली. हे टॅनेनबॉम यांना २०१७ मध्ये बातम्यांतून कळलं. आपली हरकत नाही, पैशांची अपेक्षाही नव्हती, फक्त कळवलं असतं तर बरं वाटलं असतं, अशा आशयाचं खुलं पत्र त्यांनी इंटेलला लिहिलं. लायसन्सप्रमाणे कळवण्याचं बंधन नव्हतंच. म्हणजे अटी मोडल्या गेल्या नाहीत, लेखकही नाराज नाही. पण ज्यांच्या संगणकात ती चिप आहे, त्यांना आत चालणारं मिनिक्स बदलता येत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना जोडायचा तयार कोड) किंवा एखाद्या फाइल-प्रकाराचं मानक सर्वत्र पसरावं असं वाटत असेल, तर एमआयटी किंवा अपाचे २.० (असंच मोकळं, पण पेटंटच्याही अटी असलेलं लायसन्स) योग्य. लोक रोज ज्यावर अवलंबून राहणार आहेत असा पूर्ण प्रोग्रॅम असेल, तर जीपीएल निवडा. शेवटच्या माणसाचा हक्क तिथेच लेखी स्वरूपात टिकतो.

६. आम्ही जीपीएल प्रोग्रॅममध्ये बदल केले, पण फक्त ऑफिसात वापरतो. बदल जाहीर करावे लागतील का?

नाही. जीपीएलची सोर्स देण्याची जबाबदारी प्रत दुसऱ्याला दिल्यावर सुरू होते. तुमच्या कंपनीतल्या दहा संगणकांवर टाकलं तर ते वाटप होत नाही. बाहेरच्या फ्रीलान्सरला केवळ तुमच्यासाठीच बदल करायला कोड दिला, तर आवृत्ती ३ त्याला स्पष्ट मुभा देते.

क्लायंटला तयार प्रोग्रॅम दिला की मात्र वाटप झालं. त्या क्लायंटला जीपीएलचे सगळे हक्क मिळतात. तो सोर्स पुढे कोणालाही देऊ शकतो, आणि तसं करू नये असं करारात लिहून घेता येत नाही. छोट्या कंपन्या गोपनीयतेच्या ठरावीक कलमाचा छापील मसुदा जसाच्या तसा जोडतात आणि तिथे अडचणीत येतात. काम सुरू होण्याआधीच क्लायंटला हे सांगा.

७. सोर्स द्यायचा म्हणजे काय काय द्यायचं, आणि कोणाला?

ज्याला प्रोग्रॅमची प्रत दिली त्याला. सगळ्या जगासाठी साइटवर ठेवायची सक्ती नाही. दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिला, बायनरीसोबतच (संगणकावर चालणाऱ्या तयार फाइलीसोबतच) सोर्स देणं. दुसरा, उपकरण विकताना मागितल्यावर सोर्स देऊ असं, किमान तीन वर्षं लागू राहील असं लेखी आश्वासन देणं. दुसऱ्या मार्गात गोम आहे. आवृत्ती २ प्रमाणे ते आश्वासन कोणाही तिसऱ्या व्यक्तीला लागू होतं, म्हणजे ग्राहक नसलेल्या माणसालाही सोर्स द्यावा लागतो. शक्य असेल तर पहिलाच मार्ग घ्या, विषय तिथेच मिटतो.

काय द्यायचं, याबाबत चुका जास्त होतात. मूळ प्रकल्पाच्या साइटची लिंक देऊन भागत नाही. समजा, तुम्ही बिझीबॉक्स (छोट्या उपकरणांसाठीचा जीपीएलखालचा आज्ञांचा संच) असलेला राउटर विकता. मग त्या राउटरवर असलेल्या आवृत्तीचा कोड हवा, तुम्ही लावलेले पॅच (कोडमधले बदल) हवेत, बिझीबॉक्सच्या कोणत्या सोयी चालू-बंद ठेवल्या ती कॉन्फिग फाइल हवी, आणि बिल्ड व इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्ट हव्यात. स्वतःच एक परीक्षा घ्या. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला तो गठ्ठा आणि एक रिकामा संगणक द्या. त्याला बायनरी बनवता आली नाही, तर गठ्ठा अपुरा आहे.

या जबाबदारीतून काय निपजतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी राउटर. २००३ मध्ये त्यात जीपीएलखाली दिलेली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असल्याचं लोकांच्या लक्षात आलं. सोर्सची मागणी झाली आणि कंपनीने तो प्रसिद्ध केला. त्याच कोडपासून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज उत्पादकाने अपडेट देणं थांबवलेले कितीतरी राउटर त्याच्या जोरावर सुरक्षितपणे चालू आहेत.

८. सॉफ्टवेअर आमच्या सर्व्हरवर चालतं, लोक फक्त ब्राउझरमधून वापरतात. तरी सोर्स द्यायचा?

साधं जीपीएल असेल तर सर्व्हरवरच्या कोडचा सोर्स द्यावा लागत नाही, कारण प्रत कोणाला दिलेलीच नाही (प्रश्न ६). ही फट बुजवण्यासाठी २००७ मध्ये एजीपीएल या जीपीएलच्या भावंड-लायसन्सची तिसरी आवृत्ती आली. तिच्या कलम १३ प्रमाणे, तुम्ही प्रोग्रॅम बदलला असेल आणि लोक तो नेटवर्कवरून वापरत असतील, तर त्यांना तुमच्या आवृत्तीचा सोर्स ठळकपणे उपलब्ध करून द्यावा लागतो. मॅस्टोडॉन (सोशल नेटवर्क) आणि नेक्स्टक्लाउड (फाइल साठवण) एजीपीएलखाली आहेत. काहीही न बदलता वापरत असाल तर हे कलम लागू होत नाही.

एक अपवाद सहज निसटतो: जावास्क्रिप्ट. ती वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये उतरते, म्हणजे प्रत दिली गेली. जीपीएलखालची जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरली असेल, तर सर्व्हरचा नियम तिला लावू नका.

९. जीपीएल लायब्ररी आमच्या बंद प्रोग्रॅमला जोडली तर?

लायब्ररी आणि तुमचा कोड मिळून एक प्रोग्रॅम होतो आणि वाटताना तो सगळा जीपीएलखाली द्यावा लागतो, ही फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भूमिका आहे. लिंकिंग डायनॅमिक असलं, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅम चालवताना जोडली जात असली, तरी ती बदलत नाही. हे टाळायचं असेल तर दुसरी लायब्ररी शोधा, किंवा लेखकाकडून वेगळं लायसन्स घ्या.

एलजीपीएल हे जीपीएलचं सौम्य रूप याच अडचणीसाठी आहे. तुमचा प्रोग्रॅम बंद राहू शकतो, पण लायब्ररीची सुधारित प्रत घालून तो चालवणं वापरणाऱ्याला शक्य असलं पाहिजे. स्टॅटिक लिंकिंग केलं असेल, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅमच्या फाइलीतच घातली असेल, तर पुन्हा लिंक करता यावं म्हणून ऑब्जेक्ट फाइल द्याव्या लागतात. शिवाय अशा दुरुस्तीसाठी केलेलं रिव्हर्स इंजिनिअरिंग (तयार प्रोग्रॅमवरून तो कसा चालतो ते शोधणं) तुमच्या अटींत मना करता येत नाही.

लिनक्स कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर) चालणारे प्रोग्रॅम यात येत नाहीत. नेहमीच्या सिस्टीम कॉलमधून कर्नलची सेवा घेणाऱ्या प्रोग्रॅमना कर्नलचं जीपीएल लागू नाही, अशी नोंद कर्नलच्या लायसन्ससोबतच आहे.

१०. जीसीसी या कंपायलरने कंपाइल केलं तर माझा प्रोग्रॅम जीपीएल होतो का? गिंप या चित्र-संपादकात केलेलं पोस्टर?

दोन्ही तुमचेच. साधनाचं लायसन्स त्यातून निघालेल्या कामाला लागत नाही. अपवाद तेव्हा होतो, जेव्हा साधन स्वतःच्या कोडचा तुकडा निकालात घालतं. बायसन हे पार्सर (मजकुराची रचना ओळखणारा कोड) बनवणारं साधन तसं करतं, आणि जीसीसीच्या रनटाइम लायब्ररीही प्रोग्रॅमला जोडल्या जातात. दोन्हींच्या लायसन्समध्ये त्यासाठी खास सूट लिहिलेली आहे. अशी साधनं वापरताना ती सूट आहे का, एवढं पाहा.

११. अपाचे २.० आणि जीपीएल कोड एकत्र वापरता येतो का?

जीपीएल आवृत्ती ३ सोबत येतो, आणि एकत्रित काम जीपीएल ३ खाली जातं. फक्त आवृत्ती २ असेल तर नाही, कारण अपाचेमधल्या पेटंटविषयक अटी तिथे जादा ठरतात. म्हणून फाइलच्या माथ्यावरचं वाक्य नीट वाचा. ‘आवृत्ती २ किंवा त्यानंतरची कोणतीही’ असं असेल तर तुम्ही ३ निवडून मार्ग काढू शकता. लिनक्स कर्नल मात्र केवळ आवृत्ती २ खाली आहे.

१२. उपकरणाचा सोर्स दिला, पण बदललेला प्रोग्रॅम त्यावर चालूच दिला नाही तर?

टिवो कंपनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरने असंच केलं होतं. आत लिनक्स होतं, सोर्सही मिळत होता, पण उपकरण डिजिटल सही तपासायचं आणि बदललेला कर्नल चालवायला नकार द्यायचं. आवृत्ती ३ ने घरगुती वापराच्या उपकरणांसाठी हे बंद केलं. सोर्ससोबत सहीच्या डिजिटल किल्ल्या किंवा इन्स्टॉल करण्याची आवश्यक माहितीही द्यावी लागते. प्रोग्रॅम रॉममध्ये (कायमच्या मेमरीत) असेल आणि उत्पादकालाही तो बदलता येत नसेल, तर ही अट लागत नाही.

लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांना ही अट पटली नाही. सोर्स परत मिळाला की आपला हेतू साधला, हार्डवेअर कसं बनवावं हे लायसन्सने सांगू नये, असं त्यांचं म्हणणं. हा मतभेद प्रामाणिक आहे. आम्ही तरी प्रिंटरच्या गोष्टीकडे (प्रश्न २) बघून आवृत्ती ३ च्या बाजूने उभे राहतो. दुरुस्ती लिहिता आली पण चालवता आली नाही, तर कागद अडकलेलाच राहतो.

१३. आमच्याकडून अटी मोडल्या गेल्यात असं आता लक्षात आलं. काय करावं?

वाटप थांबवा, गठ्ठा पूर्ण करा (प्रश्न ७) आणि आधीच्या ग्राहकांनाही सोर्स द्या. आवृत्ती २ मध्ये अट मोडताच हक्क आपोआप संपतात. आवृत्ती ३ सौम्य आहे: उल्लंघन पूर्ण थांबवलं आणि नंतरच्या ६० दिवसांत कॉपीराइटधारकाने कळवलं नाही, तर हक्क कायमचे परत मिळतात. पहिल्यांदाच सूचना आली असेल आणि ३० दिवसांत सुधारलं, तरीही मिळतात. कर्नलच्या अनेक लेखकांनी २०१७ मध्ये हीच सवलत आपल्या कोडलाही देऊ केली.

मेल आला तर उत्तर द्या. लिहिणाऱ्याला बहुधा पैसे नको असतात, सोर्स हवा असतो. गप्प बसल्याने प्रकरण चिघळतं.

१४. पण ही लायसन्स कोर्टात टिकतात का?

टिकली आहेत. २००४ मध्ये लिनक्सचे एक लेखक हाराल्ड वेल्टे यांनी म्युनिकच्या न्यायालयातून सिटकॉम कंपनीविरुद्ध जीपीएलच्या आधारे मनाई हुकूम मिळवला. अमेरिकेत २००८ चा जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा निकाल महत्त्वाचा आहे. तिथे वाद खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरचा होता. लेखकांची नावं गाळून फाइल वापरल्या गेल्या. फुकट दिलेल्या कोडच्या अटीही कॉपीराइट कायद्याने पाळायला लावता येतात, असं फेडरल सर्किट न्यायालयाने ठरवलं.

१५. नोकरीत असताना लिहिलेला कोड मी मुक्त करू शकतो का?

नोकरीचा भाग म्हणून लिहिला असेल तर, वेगळा करार नसल्यास, भारतीय कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कॉपीराइटचा पहिला मालक तुम्हाला नोकरी देणारी कंपनी किंवा व्यक्ती असते. लेखी परवानगी घ्या. घरी, स्वतःच्या वेळात लिहिला असला तरी नेमणुकीचा करार वाचा, कारण काही करार तेही कवेत घेतात. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं बौद्धिक संपदा धोरण पाहावं.

१६. ‘शाळांना फुकट, कंपन्यांना मनाई’ किंवा ‘फक्त चांगल्या कामासाठी’ अशी अट घालू का?

घालता येईल, पण मग ते मुक्त सॉफ्टवेअर राहत नाही, कारण शून्यावं स्वातंत्र्य (प्रश्न १) गेलं. जेसन (JSON) या डेटा लिहिण्याच्या पद्धतीच्या कोडला जोडलेल्या लायसन्समध्ये ‘वाईटासाठी नव्हे, चांगल्यासाठी वापरा’ अशी ओळ आहे, आणि केवळ तेवढ्यासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ते मुक्त मानत नाही. यामागची भावना आम्हाला समजते. पण चांगलं काय हे प्रत्येक लेखक वेगळं ठरवणार. शंभर लायब्ररी जोडून झालेल्या प्रोग्रॅमला शंभर जणांची नीतिमत्ता एकाच वेळी पाळता येणार नाही. कंपन्यांनी घेऊन परत न देण्याची भीती असेल तर एजीपीएल (प्रश्न ८) हे खरं उत्तर आहे.

१७. ‘मुक्त’, ‘बलू’ या नावांचे देवनागरी फॉन्ट पुस्तकात, लग्नपत्रिकेत वापरले तर काही द्यावं लागतं?

काही नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. छापील पुस्तक, पीडीएफ, फलक यांवर या लायसन्सचं बंधन नाही. फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही, मात्र सॉफ्टवेअरसोबत गठ्ठ्यात देता येते. जोडाक्षरं सुधारून नवी आवृत्ती काढलीत तर ती याच लायसन्सखाली द्यावी लागते, आणि मूळ लेखकाने नाव राखून ठेवलं असेल तर वेगळं नाव द्यावं लागतं.

१८. प्रकल्पाचं लायसन्स नंतर बदलता येतं का? लेखक वारला किंवा कंपनी बंद पडली तर?

ज्यांचा कोड आत आहे त्या सगळ्यांची संमती लागते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने आपलं इंजिन २०११-१२ मध्ये जीपीएलवरून एलजीपीएलवर नेताना योगदानकर्त्यांना शोधून शोधून विचारलं. सगळे हक्क एका कंपनीकडे असतील किंवा मूळ लायसन्स मोकळं असेल, तर बदल एका रात्रीत होतो. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने बीएसडी सोडलं तेव्हा तसंच झालं. पण नवं लायसन्स पुढच्या आवृत्त्यांपुरतंच असतं. जुन्या आवृत्तीवरून लोकांनी व्हॅल्की हा फोर्क (वेगळा प्रकल्प) उभा केला, आणि २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय दिला.

लेखकाच्या मृत्यूनंतर भारतात कॉपीराइट ६० वर्षं वारसांकडे राहतो. जीपीएल ३ खाली मिळालेले हक्क, अटी पाळेपर्यंत, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी असतात आणि मागे घेता येत नाहीत. वारसांना किंवा कंपनी विकत घेणाऱ्याला ती प्रत तुमच्याकडून काढून घेता येणार नाही. म्हणून एखाद्या प्रकल्पाचे लेखक उत्तर देईनासे झाले, तर सोर्स आणि लायसन्सची फाइल एकत्र उतरवून ठेवा आणि काम पुढे सुरू करा. कोणाला विचारायची गरज नाही.